गुलबक्षी लावायची तर

अक्कलकुव्यात उन्हाळ्याच्या दुपारी अंगणात पाय ठेवत नाही कुणी. ऊन उतरलं की मगच माणसं दारापुढे बसतात. त्याच वेळी उमलणारी गुलबक्षी इथल्या घरांना शोभते. ‘कुठेही उगवते’ म्हणून तिला उकिरड्याकडेला ढकलतात, ते मला पटत नाही.

१. जागा आधी ठरवा. संध्याकाळी बसता तिथेच लावा, म्हणजे वास अंगणात येईल. पूर्वेची बाजू उत्तम: सकाळचं ऊन, दुपारनंतर भिंतीची सावली. कडक उन्हात पानं माना टाकतात. तेव्हा पाणी घालायची घाई नको. संध्याकाळी सावरली नाहीत, तरच घाला.

२. काळ्या मातीत पाणी साचलं की कंद कुजतो. वाफा वीतभर उंच करा, मातीत वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळा.

३. एका फुलामागे एकच बी धरतं, काळं, सुरकुतलेलं, मिऱ्यासारखं. रात्रभर भिजवून पावसाच्या सुरुवातीला बोटाच्या पेराएवढं खोल पेरा. झाडं हातभर अंतरावर ठेवा, कारण ती पसरतात.

४. रंगाचा हट्ट असेल तर बियांवर विसंबू नका. लाल आणि पांढऱ्याच्या संकरातून गुलाबी निघते. एकाच झाडावर वेगवेगळ्या रंगांची, पट्ट्यांची फुलंही येतात. मनासारखा रंग मिळाला की त्या झाडाचा कंद जपा. वरचं झाड वाळलं तरी उपटू नका, कंदातून पुन्हा फुटतं. जुन्या कंदाची झाडं बियांच्या झाडांपेक्षा लवकर भरतात.

५. संध्याकाळी कीटकनाशक फवारू नका. फुलाची नळी लांब असते आणि तळातला मध प्यायला लांब सोंडेचे मोठे पतंग अंधार पडता येतात. ते फुलापुढे हवेतच थांबून मध पितात. मुलांना हे जरूर दाखवा. फुलांच्या याच लांब नळ्यांमुळे मुली दोऱ्याशिवाय वेणी विणतात.

६. बी आणि कंद दोन्ही विषारी आहेत. तोंडात गेले तर उलट्या-जुलाब होतात. रांगतं मूल घरात असेल तर खाली पडलेलं बी रोज झाडून काढा, आणि शेजाऱ्याला बी देताना हेही सांगा.