लेकुरवाळे घर

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी किती जणांच्या घरी पाच वर्षांच्या आतील लहान भाऊ किंवा बहीण आहे? हा प्रश्न मी दर वर्षी वर्गात विचारते आणि निम्म्याहून अधिक हात वर होतात. मग मी विचारते, “या आठवड्यात घरात काय काय हरवले?” त्याबरोबर वर्गात एकच गलका उठतो. कोणाचा एक बूट ज्वारीच्या डब्यात सापडला. कोणाच्या अब्बांच्या मोटारसायकलची किल्ली पाण्याच्या रांजणात निघाली. एका मुलाची गणिताची वही धाकट्या बहिणीने ‘पोस्टात टाकली’ होती. म्हणजे दाराच्या फटीतून बाहेर सारली होती आणि बाहेर नाली होती!

अशा घराला मराठीत ‘लेकुरवाळे घर’ म्हणतात. लेकरू म्हणजे मूल, तुमच्या भाषेत बच्चा. आपल्या परभणीकडे तर दहावीतल्या मुलालाही शेजारची आजी ‘लेकरा’ अशीच हाक मारते. लेकुरवाळा म्हणजे बालबच्चेवाला. हा शब्द नीट समजून घ्यायचा असेल, तर आपल्या जिल्ह्यातील गंगाखेडला जावे लागेल. गोदावरीकाठचे हे गाव संत जनाबाईंचे जन्मगाव. त्या पंढरपूरला संत नामदेवांच्या घरी वाढल्या. दळण, कांडण, झाडलोट करता करता त्यांनी अभंग रचले. त्यांच्या एका अभंगात विठ्ठल हा लेकुरवाळा आहे आणि सारे संत ही त्याची मुले आहेत. एक खांद्यावर बसला आहे, एकाचा हात धरला आहे, एक पुढे चालला आहे, एक मागून येत आहे, एक कडेवर आहे आणि एकाने करंगळी धरली आहे. सुमारे सातशे वर्षांपूर्वीचे हे चित्र आहे. परभणीच्या तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसात फेब्रुवारी महिन्यात जाऊन पाहा. पाळण्यापाशी, खेळण्यांच्या दुकानापाशी तुम्हाला असे अनेक लेकुरवाळे भेटतील. देवालाही मुलांनी वेढलेला पाहणारी ही कवयित्री घरकाम करणारी होती, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आता आपण या लेकरांच्या खोड्यांकडे वळू.

नऊ-दहा महिन्यांचे बाळ मांडीवर बसून चमचा खाली टाकते. तुम्ही तो उचलून देता. ते पुन्हा टाकते. दहाव्या वेळी तुमच्या नाकी नऊ येतात, पण बाळाचा उत्साह तसाच असतो. तुम्हाला वाटते, हे आपल्याला मुद्दाम छळते आहे. खरे म्हणजे ते तपासून पाहत असते. चमचा दर वेळी खालीच जातो का? आवाज दर वेळी तसाच येतो का? आणि आपा दर वेळी वाकते का? यातला शेवटचा प्रयोग त्याला सर्वांत जास्त आवडतो.

स्वित्झर्लंडमध्ये ज्याँ पियाजे (१८९६–१९८०) नावाचे मोठे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी स्वतःच्या तीन मुलांचे असे खेळ बारकाईने पाहून टिपून ठेवले. पाच-सहा महिन्यांच्या बाळासमोर खुळखुळा रुमालाखाली झाकला, तर ते तो शोधत नाही. जणू खुळखुळा या जगातून नाहीसाच झाला! आठ-नऊ महिन्यांचे झाले, की ते रुमाल उचलून पाहू लागते. ओढणीआड तोंड लपवून ‘भॉक’ केले, की बाळ खदखदून का हसते, हे आता तुमच्या लक्षात येईल. हरवलेली आपा परत सापडली, याचा तो आनंद असतो.

पियाजे यांचा आणखी एक प्रयोग तुम्ही घरीच करून पाहा. चार वर्षांच्या मुलासमोर दोन सारखे पेले ठेवा. दोन्हींत सारखे सरबत भरा. “सारखे आहे ना?” असे विचारा. ते “हो” म्हणेल. मग त्याच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातील सरबत उंच आणि अरुंद ग्लासात ओता. आता विचारा, “जास्त कशात आहे?” ते बहुधा उंच ग्लासाकडे बोट दाखवील. एक थेंबही वाढलेला नाही, हे त्याला पटणार नाही. ही समज साधारणपणे सहा-सात वर्षांनंतर हळूहळू येते. तोपर्यंत समजावून उपयोग नाही. इफ्तारच्या वेळी दस्तरखानावर रूहअफजा वाटताना सगळे ग्लास एकसारखे घ्या. अर्धी भांडणे तेथेच मिटतील.

रमजानवरून आठवले. मोठ्यांचे पाहून लहानांनाही रोजा ठेवायचा असतो. मग घरातील मोठी माणसे त्यांना दुपारपर्यंतचा अर्धा रोजा ठेवू देतात. काही घरांत त्याला ‘चिडियाचा रोजा’ म्हणतात. माझ्या मुलीने पाचव्या वर्षी एका दिवसात असे चार रोजे ठेवले होते. प्रत्येक रोज्याच्या शेवटी इफ्तार होतीच! चौथ्या इफ्तारनंतर दादींनी तिला विचारले, “बेटा, अजून किती रोजे राहिले?” ती म्हणाली, “खजूर संपेपर्यंत.”

दुपारची गोष्ट निराळी. उन्हाळ्यात परभणीचा पारा चव्वेचाळीस अंशांच्या वर जातो. सारे घर खिडक्यांवर ओले पडदे सोडून आडवे होते. जागे असते फक्त एक लेकरू. घरात अचानक शांतता पसरली, तर मोठ्यांनी ताबडतोब उठावे. रडण्याचा आवाज येतो तोपर्यंत काळजीचे कारण कमी असते. शांतता म्हणजे कोणीतरी पिठाच्या डब्यापर्यंत पोहोचले आहे.

पण एका बाबतीत मी मुळीच हसत नाही. लहान मूल प्रत्येक वस्तू तोंडात घालून ओळखते. नाणे, बटण, चिंचोका, अख्खा शेंगदाणा घशात अडकू शकतो. आपल्याकडे कापसाचे शेत असलेली घरे पुष्कळ आहेत. फवारणीचे औषध कधीही सरबताच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू नये. तुमच्या घरी तसे ठेवले असेल, तर आजच अब्बांना सांगा. ते औषध मूळ डब्यातच, कुलपात आणि उंचावर असावे. लहानाला बाटलीवरचे अक्षर वाचता येत नाही. त्याला फक्त सरबताची बाटली दिसते.

आता भाषेची गंमत ऐका. आमच्या घरी आपण सगळे बोलतो तशी उर्दू बोलली जाते. माझा धाकटा मुलगा मोहल्ल्यातील अंगणवाडीत जाऊ लागला, तेव्हा त्याला मराठी अजिबात येत नव्हती. पहिल्या दिवशी ताईंनी प्रेमाने विचारले, “तुझी आई कुठे आहे?” तो म्हणाला, “आई नहीं, अभी आ रही.” ताईंना वाटले, उत्तर मिळाले. त्यालाही वाटले, उत्तर दिले. दोघेही खूश!

दुसऱ्या दिवशी खिचडी होती. ताई त्याच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, “चल बेटा, एक घास खा.” तो दोन पावले मागे सरकला. “मैं क्या बकरी हूँ?” मित्रांनो, तुम्ही हसलात, म्हणजे तुम्हाला अर्थ कळला. उर्दूत घास म्हणजे गवत. मराठीत घास म्हणजे लुकमा, निवाला. ताई मात्र हुशार होत्या. त्या म्हणाल्या, “बरं, बकरीचा नको. हा चिऊचा घास. चिऊ म्हणजे चिडिया.” चिडिया व्हायला त्याची तयारी होती. मराठी घरांत मुलांना असेच भरवतात. एक घास चिऊचा, एक घास काऊचा. चिऊ येत नाही, काऊ येत नाही, ताट मात्र रिकामे होते.

माझी मुलगी शेजारच्या मुलांबरोबर खेळून मराठी शिकली. ती म्हणायची, “मी काम करलं.” मी विचार करू लागले, हे हिला कोणी शिकवले? कोणीच नाही. बसणे–बसलं, उठणे–उठलं, पडणे–पडलं, हे तिने ऐकले होते. त्यावरून तिने स्वतःच नियम काढला : करणे–करलं! आता भाषेने ‘केलं’ असा आडवळणाचा शब्द ठेवला, त्याला ती काय करणार? तुमच्या वह्यांत लाल शाईने मी हाच शब्द दुरुस्त करते. चार वर्षांचे मूल आणि नववीचा विद्यार्थी एकाच वाटेने मराठी शिकतात. मूल मात्र लाल शाईला घाबरत नाही.

एवढे सगळे सांभाळायचे कोणी? या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर मिळते : आईने. आणि आई कामावर गेली तर? मोठ्या मुलीने. हे असेच असले पाहिजे, असे कोठेही लिहिलेले नाही. गुजरातमधील भावनगरचे गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) हे वकील होते. १९१३ मध्ये त्यांना मुलगा झाला. त्याला कसे वाढवावे, या विचाराने ते बालशिक्षणाची पुस्तके वाचू लागले. पुढे वकिली सोडून ते लहान मुलांना शिकवण्याच्या कामाला लागले. १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू झाले. गिजुभाईंना भरघोस मिशा होत्या. लोक त्यांना ‘मूछाळी मा’ म्हणू लागले. मूछाळी मा म्हणजे मिशीवाली आई!

माझ्या वर्गातील एक मुलगी दिवाळीनंतर वारंवार गैरहजर राहू लागली. त्या दिवसांत कापसाची वेचणी असते. तिची अम्मी पहाटेच वेचणीला जाई आणि दीड वर्षांचा भाऊ तिच्याकडे राही. एकदा ती त्याला कडेवर घेऊनच वर्गात आली. तासभर वर्गाची तारांबळ उडाली. त्याने खडूचा डबा उलटा केला, एक खडू चाखून पाहिला आणि हजेरीपटावर आपली सही केली. पण त्या तासाला मी विचारलेल्या सहा प्रश्नांपैकी पाचांची उत्तरे त्या मुलीने दिली. भावाला एका हाताने धरून ती दुसऱ्या हाताने लिहीत होती.

ही अडचण नवी नाही. गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये बोर्डी या गावी लहान मुलांसाठी केंद्र काढले. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघर जिल्ह्यात आहे. अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण वस्तीतील गरीब मुले येईनात. तेव्हा दोघींनी बालवाडीच उचलून वस्तीत नेली. मुलांच्या घरासमोरच्या अंगणात आधी त्यांची नखे कापायची, तोंड धुवायचे, केस विंचरायचे आणि मग गाणी-गोष्टी. अंगणातली वाडी ती अंगणवाडी. तुमच्या गल्लीतील अंगणवाडीचे नाव असे जन्माला आले.

पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत काम करताना त्यांना दुसरी गोष्ट दिसली. मोठी मुले शाळेत येत नव्हती, कारण त्यांना घरी धाकटी भावंडे सांभाळावी लागत. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिला ‘विकासवाडी’ असे नाव दिले. बहीण कडेवर बाळ घेऊन येई. बाळ पाळणाघरात जाई, ती वर्गात जाई. जी मुले गुरे चारायला जात, त्यांच्यासाठी शाळाच कुरणात भरू लागली. ती ‘कुरणशाळा’.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. तेथे तीन ते सहा वर्षांची मुले बसतात, खेळतात, जेवतात. त्याहून लहान बाळांचे वजन होते, त्यांच्यासाठी घरी आहार मिळतो, पण दिवसभर त्यांना सांभाळण्याची सोय बहुतेक ठिकाणी नाही. म्हणजे माझ्या विद्यार्थिनीचा भाऊ नेमका मधल्या पायरीवर अडकला होता.

शेवटी शेजारच्या दादी तयार झाल्या. दुपारी दोनपर्यंत बाळाला ठेवून घेईन, पण एका अटीवर, असे त्या म्हणाल्या. विजेचे बिल आणि रेशनचे कागद मराठीत येतात, ते मला वाचून दाखवायचे. आता ती मुलगी रोज शाळेत येते. महिन्यातून एकदा दादींच्या ओट्यावर बसून ती बिलाची एकेक ओळ मराठीत वाचते आणि उर्दूत समजावून सांगते. बाळ शेजारीच असते. बिल वाचून संपण्यापूर्वी त्याचा एक कोपरा हमखास खाल्लेला असतो.

शब्दार्थ
लेकरू – बच्चा. गलका – शोरगुल. कडेवर – कमरेवर, गोद में. खोडी – शरारत. वेचणी – कापूस चुनणे. कुरण – चरागाह. अट – शर्त. हमखास – यकीनन.

वाक्प्रचार
नाकी नऊ येणे – फार त्रास होणे, दमून जाणे. तारांबळ उडणे – गडबड, धांदल होणे.

स्वाध्याय
१. बाळ चमचा पुन्हा पुन्हा का टाकते?
२. ‘अंगणवाडी’ हे नाव कसे पडले, ते तुमच्या शब्दांत लिहा.
३. ‘घास’ आणि ‘आई’ यांसारखे, उर्दूत व मराठीत वेगळा अर्थ असलेले आणखी दोन शब्द शोधा.
४. सरबताचा प्रयोग घरी करा. लहान मूल काय म्हणाले, ते त्याच्याच शब्दांत लिहून आणा.