आधीं प्रीति, मग साक्ष

ख्रिस्ताचा शिष्य कोणास म्हणावें, हा प्रश्न वरवर पाहतां सोपा वाटतो. ज्याचा बाप्तिस्मा झाला आहे, जो दर रविवारीं उपासनेस जातो, ज्याला शास्त्रांतील वचनें तोंडपाठ आहेत, तो शिष्य, असें उत्तर कोणीही चटकन देईल. परंतु शुभवर्तमानें लक्षपूर्वक वाचणाराचें एवढ्यानें समाधान होत नाहीं. तीं वाचीत असतां शिष्याचीं दोन लक्षणें पुनःपुन्हां नजरेस येतात. एक हें कीं, त्याची देवावर मनापासून प्रीति असते. आणि दुसरें हें कीं, आपल्याला लाभलेली ही ठेव त्याला एकट्यापाशीं ठेववत नाहीं. ह्या दोन लक्षणांचा परस्परांशीं संबंध काय, आणि त्यांत आधीं कोणतें व मागाहून कोणतें, ह्याचा विचार ह्या लेखांत करावयाचा आहे. कारण हा क्रम चुकला म्हणजे साक्ष ही नुसती बडबड होते.

१. शास्त्र्याचा प्रश्न

यरुशलेमेंत एका शास्त्र्यानें येशूला विचारलें कीं, सर्व आज्ञांमध्यें पहिली आज्ञा कोणती (मार्क १२:२८-३४). येशूनें त्याला अनुवादाच्या सहाव्या अध्यायाची आठवण दिली. देव एकच आहे. तेव्हां मनुष्यानेंही त्याजवर कांहींएक हातचें न राखतां, सर्वस्वानें प्रीति करावी, असा त्या वचनाचा भाव आहे. लागलीच त्यानें लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायांतील शेजाऱ्याविषयींची आज्ञा तिला जोडली. शास्त्र्यानें एकच आज्ञा विचारली होती. येशूनें दोन सांगितल्या. देवावरील प्रीति ही अंतःकरणांतली गोष्ट आहे, ती कोणाला दिसत नाहीं. आपण शेजाऱ्याशीं जसें वागतों त्यांतच ती प्रगट होते. म्हणून दुसरी आज्ञा ही पहिलीची कसोटी आहे.

आणि शेजारी म्हणजे तरी कोण? लूकाच्या दहाव्या अध्यायांत ह्याच प्रश्नाला उत्तर म्हणून शोमरोनी माणसाची गोष्ट आली आहे. यहूदी आणि शोमरोनी एकमेकांशीं व्यवहार ठेवीत नसत. अशा परक्या शोमरोन्यालाच येशूनें शेजारधर्माचा कित्ता म्हणून यहूद्यांपुढें ठेविलें. आपल्या जातीचा, आपल्या मताचा किंवा आपल्या मंडळीचा तेवढाच शेजारी, ही समजूत त्या एका गोष्टीनें मुळापासून उपटून टाकली.

प्रीति आधीं आणि काम मागाहून, हा क्रम योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायांत फारच स्पष्ट दिसतो. नव्या करारांत कोळशांच्या विस्तवाचा उल्लेख दोनच ठिकाणीं आहे, आणि दोन्ही ठिकाणीं पेत्र हजर आहे. महायाजकाच्या वाड्यांत अशाच विस्तवापाशीं शेकत असतां त्यानें आपल्या प्रभूला नाकारलें. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्रतीरीं पुन्हां कोळसे पेटलेले आहेत, त्यांवर मासळी भाजत आहे, आणि येशू पेत्राला जवळ घेऊन प्रश्न करीत आहे. तो त्याला भित्रेपणाचा जाब विचारीत नाहीं. पुढें किती लोक मंडळींत आणशील, हेंही विचारीत नाहीं. पेत्राची आपल्यावर प्रीति आहे काय, एवढेंच तो विचारतो, आणि जितक्या वेळां पेत्रानें नाकारलें होतें तितक्याच वेळां, म्हणजे तीनदां, विचारतो. प्रत्येक वेळीं उत्तर मिळाल्यावर मगच तो आपलीं मेंढरें त्याच्या हवालीं करितो.

मत्तयाच्या अखेरीस शिष्यांना जगभर पाठविण्याची जी आज्ञा आहे, ती ह्या प्रकाशांत वाचावी. तेथें लोकांना शिष्य करावें आणि येशूनें जें आज्ञापिलें तें पाळावयास शिकवावें, असें सांगितलें आहे. त्यानें आज्ञापिलेल्या गोष्टींत पहिली तर प्रीतीच आहे. जें आपणच शिकलों नाहीं, तें दुसऱ्यास काय शिकविणार?

२. थोड्या शब्दांचा शिष्य

बारा शिष्यांत पेत्र व योहान ह्यांच्या मानानें अंद्रियाचें नांव फार थोड्या वेळां येतें. त्याचें एकही प्रवचन नव्या करारांत नाहीं. परंतु योहानाच्या शुभवर्तमानांत तो तीन प्रसंगीं ठळकपणें पुढें येतो, आणि तिन्ही वेळां तो एकच काम करीत असतो: कोणाला तरी येशूकडे आणीत असतो. पहिल्या प्रसंगीं तो आपला भाऊ शिमोन ह्याला शोधून आणतो (१:४०-४२). दुसऱ्या प्रसंगीं पांच हजारांच्या समुदायांत जवाच्या पांच भाकरी व दोन मासळ्या असलेला एक मुलगा त्याच्या नजरेस पडतो, आणि एवढ्यानें काय होणार ही शंका मनांत असूनही तो त्या मुलाविषयीं येशूला सांगतो (६:८-९). तिसऱ्या प्रसंगीं सणास आलेल्या कांहीं हेल्लेणी लोकांची इच्छा तो फिलिप्पाबरोबर येशूच्या कानावर घालतो (१२:२०-२२). भाऊ, अनोळखी मुलगा आणि परदेशी पाहुणे. तिघांसाठींही अंद्रियाजवळ वेळ आहे.

पेन्टेकॉस्टच्या दिवशीं पेत्राच्या भाषणानें सुमारें तीन हजार माणसें मंडळीस मिळालीं, असें प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलें आहे. त्या दिवशीं अंद्रियाची कोणास आठवण झाली असेल? पण पेत्राला येशूकडे नेणारा हात त्याचाच होता. वक्तृत्व नसलेल्या शिष्यानें ह्यावरून धीर धरावा.

३. सर्वांत कठीण जागा

मार्काच्या पांचव्या अध्यायांत गरसेकरांच्या प्रदेशांतील एका भूतग्रस्ताची गोष्ट आहे. बरा झाल्यावर येशूबरोबर मचव्यांत बसून निघून जावें, असें त्याला वाटलें. येशूनें त्याला तशी परवानगी दिली नाहीं. घरच्या माणसांकडे परत जाऊन प्रभूनें आपल्यावर काय उपकार केले तें सांगावयास लाविलें. ह्या माणसाला धर्मशास्त्र येत नव्हतें. त्याच्याजवळ सांगण्यासारखी एकच गोष्ट होती, आणि ती त्याची स्वतःची होती. तेवढीच घेऊन तो दकापलीस प्रांतांत गेला.

परंतु घर ही साक्षीची सर्वांत कठीण जागा आहे. सभेंत लोक आपले शब्द ऐकतात; घरांत आपला राग, आळस आणि हट्ट दिसतो. शिवाय श्रद्धेच्या बाबतींत घरांत फूट पडली म्हणजे जें दुःख होतें, तें बाहेरच्या कोणत्याही विरोधानें होत नाहीं. ह्याचें उदाहरण शोधण्यास आपल्याला महाराष्ट्राबाहेर जावयास नको.

४. टिळकांच्या घरची गोष्ट

कवि नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) हे कोंकणांतील चित्पावन ब्राह्मण घराण्यांतले. सन १८९३ मध्यें राजनांदगांवास आगगाडीनें जात असतां डब्यांत त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटले. त्या गृहस्थांनीं प्रथम वाद घातला नाहीं. संस्कृत काव्याविषयीं आस्थेनें बोलणें केलें. मग धर्माचा विषय निघाला. निरोप घेतांना त्यांनीं टिळकांच्या हातीं नवा करार दिला आणि तो मनापासून अभ्यासिला तर दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असें भाकीतही केलें. टिळकांनीं पुस्तक एकवार वाचून काढावयाचें ठरविलें. परंतु डोंगरावरील प्रवचनापाशीं येतांच त्यांचें मन तेथें खिळून राहिलें. फेब्रुवारी १८९५ मध्यें मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. एका प्रवाशाचें सौजन्य आणि एक लहानसें पुस्तक, एवढीच ह्या गोष्टीची सुरुवात.

पण गोष्ट येथें संपत नाहीं; खरी परीक्षा येथून पुढें आहे. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई (१८६८-१९३६) ह्यांना ही वार्ता म्हणजे वज्राघात होता. पति जिवंत असतां वियोग आला, आणि लहान मुलाला घेऊन त्या आप्तांच्या आश्रयास राहिल्या. ह्या काळांतील त्यांचे हाल त्यांनीं आपल्या ‘स्मृतिचित्रें’ ह्या आत्मचरित्रांत सांगितले आहेत. एकाच्या श्रद्धेची किंमत दुसऱ्याच्या अश्रूंनीं द्यावी लागते, ही गोष्ट ख्रिस्ती वाचकानेंही झांकून ठेवूं नये. ज्याला ह्या अश्रूंची जाणीव नाहीं, त्यानें साक्षीच्या गोष्टी बोलूंच नयेत.

कांहीं वर्षांनीं लक्ष्मीबाई पतीकडे परत आल्या, त्या हिंदु म्हणूनच आल्या. त्यांनीं आपलें सोंवळेंओंवळें चालू ठेविलें, आणि टिळकांनीं त्यास आडकाठी केली नाहीं. पुढें एके दिवशीं लक्ष्मीबाईंच्याच मनांत विचार आला कीं, हा जातिभेद देवानें केला कीं माणसानें? तो माणसाचा, असें त्यांच्या मनानें उत्तर दिलें, आणि त्या दिवसापासून शिवाशीव त्यांनीं आपण होऊन सोडली. १९०० सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर मध्यें पांच वर्षें लोटलीं होतीं. पांच वर्षें हा वाट पाहणाराला थोडा काळ नव्हे.

टिळक हे कांहीं निर्दोष पुरुष नव्हते. त्यांचा तापट स्वभाव, त्यांचा विसराळूपणा, पैशाच्या बाबतींतला त्यांचा मोकळा हात, ह्यांतलें कांहींएक लक्ष्मीबाईंनीं आपल्या पुस्तकांत लपविलें नाहीं; उलट हंसत हंसत सांगितलें आहे. मग ज्या पुरुषाचे दोष त्या इतके जाणत होत्या, त्याच्या प्रभूला त्यांनीं आपला प्रभु कां मानावें? दोष असूनही त्याच्या अंगीं कांहींतरी खरें आहे, हें त्यांना रोजच्या संसारांत दिसलें म्हणून, असें मला वाटतें. घरच्या माणसांपुढें आपण निर्दोष ठरणें शक्य नाहीं. खरे ठरणें मात्र शक्य आहे.

टिळकांनीं बाहेरच्या लोकांनाही ह्याच वृत्तीनें साक्ष दिली. ख्रिस्ताकडे येणाऱ्या मराठी माणसानें आपली भाषा, आपले अभंग आणि आपलें कीर्तन उंबऱ्याबाहेर टाकून यावें, हें त्यांना मान्य नव्हतें. म्हणून त्यांनीं दोनशेंहून अधिक भजनें रचलीं, आणि तीं महाराष्ट्रांतील मंडळ्यांत आजही गाइलीं जातात. १९१७ सालीं त्यांनीं मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यांत बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या अशा दोघांनाही जागा होती. ‘ख्रिस्तायन’ हें महाकाव्य त्यांच्या हातून पुरें झालें नाहीं. आरंभीचे थोडे अध्याय लिहून ते १९१९ सालीं वारले. पुढें तें काव्य ६४ अध्याय रचून पुरें केलें तें लक्ष्मीबाईंनीं. १९३८ सालीं तें प्रसिद्ध झालें. ज्या स्त्रीनें शाळेचें तोंड पाहिलें नव्हतें, जी एकेकाळीं पतीच्या धर्मांतरानें शोकाकुल झाली होती, तिनेंच पतीची अपुरी साक्ष पुरी केली.

५. आपण काय करावें?

विद्यार्थिमित्रहो, आपल्या वर्गांत निरनिराळ्या धर्मांचे सोबती एका बांकावर बसतात. अशा ठिकाणीं शिष्याचें वर्तन कसें असावें? वरील उदाहरणांवरून मला तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट अशी कीं, ज्याला सांगावयाचें त्याच्यावर आधीं प्रेम करावें, आणि त्यानें आपलें ऐकलें नाहीं तरी तें कमी होऊं देऊं नये. जो स्नेह मतलबासाठीं जोडला, तो मुळीं स्नेहच नव्हे, आणि मुलांना तें फार लौकर कळतें.

दुसरी गोष्ट अशी कीं, आपल्याला जें खरोखर अनुभवास आलें तेवढेंच सांगावें. गरसेकर माणसानें उसनें ज्ञान आणलें नाहीं. दुसऱ्याच्या धर्माची टवाळी करणें ही साक्ष नव्हे. आगगाडींतल्या त्या गृहस्थांनीं टिळकांशीं बोलतांना त्यांच्या काव्याचा मान राखला होता, हें विसरूं नये.

तिसरी गोष्ट अशी कीं, सांगून झाल्यावर थांबावें. भीति, लालूच किंवा भीड ह्यांनीं मिळविलेला होकार देवाला नको आहे. सर्वस्वाची प्रीति मागणारा देव जबरीच्या प्रीतीनें कसा संतुष्ट होईल? बी पेरणें माणसाचें काम. उगवण त्याच्या हातीं नाहीं.

परंतु ह्या तिन्ही गोष्टींच्या आधीं एक गोष्ट आहे, आणि ती कोणी दुसरा आपल्यासाठीं करूं शकत नाहीं. समुद्रतीरीं पेत्राला विचारलेला प्रश्न प्रत्येक शिष्याला एकट्यालाच ऐकावा लागतो. वसतिगृहांत दिवे मालवल्यावर, अंथरुणावर पडल्या पडल्या, तो एकदां ऐकून पाहावा. उत्तर देतां आलें, तर मग कोणाला काय सांगावें ह्याची फारशी काळजी करावी लागणार नाहीं. उद्यां सकाळीं बांकावर शेजारीं बसणारा सोबतीच आपला पहिला शेजारी होईल.

मननासाठीं प्रश्न

१. शास्त्र्यानें एक आज्ञा विचारली असतां येशूनें दोन कां सांगितल्या?
२. अंद्रियानें येशूकडे आणलेल्यांपैकीं कोणास आणणें सर्वांत कठीण वाटलें असेल? कां?
३. घरच्या माणसांना आपले कोणते दोष ठाऊक आहेत, आणि त्यांमुळें आपली साक्ष कोठें अडते?
४. टिळकांनीं लक्ष्मीबाईंच्या सोंवळ्यास आडकाठी केली नाहीं. ह्यांत श्रद्धेचा कमीपणा दिसतो कीं प्रीतीची थोरवी?