सरवा वेचायला निघालेली रूथ

आजचे वाचन: रूथ 2:1-23

परवा मंडळीतल्या एका मुलाने विचारलं, "काका, बी.कॉम. झालं. मुलाखतीत विचारतात, आवड कशात आहे? मला खरंच ठाऊक नाही. सुरुवात कुठून करू?"

मी त्याला रूथचा दुसरा अध्याय वाचायला सांगितला. रूथ मवाबातून आलेली परकी विधवा. बेथलेहेमात सातूची कापणी नुकतीच सुरू झाली होती. शेतात राहिलेला सरवा गरीब व परक्यांसाठी सोडावा, असा नियमशास्त्राचा आदेश होता (लेवीय 19:9-10). सरवा वेचणं हे काही तिचं स्वप्न नव्हतं. पण घरी सासू होती आणि दोघींना भाकर हवी होती. नामीला विचारून ती निघाली. कोणाच्या शेतात जायचं, तेही ठरलं नव्हतं. वचन 3 पाहा, बवाजाचं शेत तिला सहज लाभलं.

तिथे मात्र तिने मुकादमाची परवानगी घेतली, सकाळपासून राबली आणि संध्याकाळी झोडणी करून सुमारे एक एफा सातू घरी नेले. सातूचा आणि गव्हाचा हंगाम संपेपर्यंत ती जात राहिली. आपल्या वंशात दावीद राजा जन्मेल, हे पहिल्या सकाळी तिला कुठे ठाऊक होतं?

प्रियांनो, आवड कळली नाही म्हणून घरी बसू नका. आज जवळ असलेलं प्रामाणिक काम कोणतं? तुमच्या कमाईची वाट घरी कोण पाहतंय? एवढं कळलं तरी निघता येतं.

प्रार्थना: हे पित्या, पुढचं दिसत नसतानाही आज कामाला निघण्याचं धैर्य दे. येशूच्या नावात, आमेन.