मोटारीच्या रंगावरील कीटकांचे डाग

जूनमधील पहिल्या सरी कोसळल्या की गोव्यातील वारुळांतून पंख फुटलेल्या वाळवीचे थवेच्या थवे बाहेर पडतात आणि दिसेल त्या दिव्याकडे झेपावतात. अशा दिवसांत सायंकाळी साखळीहून चोर्ला घाटाने बेळगावास गेलेली मोटार दुसऱ्या दिवशी सकाळी नीट न्याहाळून पाहावी. बॉनेटचा पुढचा काठ, बंपर, दिवे, आरशांची पाठ आणि समोरची काच यांवर पिवळट, करडे असे असंख्य ठिपके दिसतात. पुष्कळ घरांत हे पाहून कोणीतरी सहज म्हणते, “असू दे, रविवारी धुऊ.” वस्तुतः रंगाची खरी हानी डाग पडण्याने जेवढी होते, त्याहून अधिक या “रविवारी” शब्दाने होते. आणि रविवार उजाडल्यावर कोरड्या फडक्याने खसाखसा घासण्याचा जो उत्साह येतो, त्याने उरलेली हानी पुरी होते. असे का व्हावे, हे समजण्यासाठी प्रथम रंगाचा व नंतर कीटकाचा विचार करणे अगत्याचे आहे.

मोटारीचा रंग हा एकच लेप नसतो. पोलादी पत्र्यावर आधी गंजरोधक थर, त्यावर अस्तराचा थर, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा थर आणि सर्वांवर ‘क्लिअर कोट’ नावाचा रंगहीन, पारदर्शक थर, अशी त्याची सामान्यतः रचना असते. हे सर्व थर एकत्र केले, तरी त्यांची जाडी वहीच्या एक-दोन पानांहून अधिक भरत नाही. वरचा पारदर्शक थर तर बहुधा ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा किंवा त्याहूनही पातळ असतो. आपण ज्याला मोटारीची झळाळी म्हणतो, ती या थराच्या गुळगुळीतपणाची देणगी होय. हा थर शाबूत असेपर्यंत आतला रंग सुरक्षित राहतो. तो झिजला, की रंग उडू लागतो. आणि पुढेमागे पत्रा उघडा पडला, तर दमट हवेत त्यास गंज चढण्यास फार काळ लागत नाही.

आता कीटकाकडे वळू. कीटकाला आपल्यासारखा हाडांचा सांगाडा नसतो. त्याचे कायटिनयुक्त कठीण कवच हाच त्याचा सांगाडा होय. कवचाच्या आत जो द्रव खेळत असतो, त्याचे काम प्राणवायू वाहून नेणे हे बहुतांशी नसते. म्हणून तो लाल नसून फिकट पिवळा किंवा हिरवट असतो. त्यात प्रथिने असतात, आणि कीटकाच्या पोटात पाचकरसही असतात. वेगाने येणाऱ्या मोटारीवर कीटक आदळला, की कवच फुटते आणि हा द्रव पृष्ठभागावर पसरतो. तो वाळताना त्यातील प्रथिने डिंकासारखी घट्ट होतात आणि कवचाचे धारदार तुकडे जागच्या जागी पक्के बसतात. अंड्याचा बलक ताटाला लागून वाळला, तर तो घासताना किती कष्ट पडतात, हे घरोघरी ठाऊक आहे. येथे प्रकार जवळपास तोच असतो.

परंतु चिकटणे हा अर्धाच भाग झाला. मृत कीटक जसजसा कुजतो, तसतशी त्यापासून आम्ले निर्माण होतात. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात मे व सप्टेंबर महिन्यांत ‘लव्हबग’ नावाच्या काळ्या माशांचे प्रचंड थवे महामार्गांवर उडत असतात. तेथे असे आढळले आहे, की या माशीच्या अवशेषांचा पीएच अंक आरंभी सुमारे ६·५, म्हणजे उदासीन पाण्याच्या जवळपास असतो. पण मोटारीवर एक दिवस राहिल्यावर तो सुमारे ४·२५ पर्यंत उतरतो. पीएच एका अंकाने उतरला, की आम्लता दसपट होते, हे वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी शिकलेलेच आहे. त्या हिशेबाने एका दिवसात ही आम्लता पावणेदोनशे पटींहून अधिक वाढते! “रविवारी धुऊ” म्हणण्यात काय जोखीम आहे, ते या एका आकड्यावरून ध्यानी यावे.

ऊन हे या कामी आम्लाचे साथीदार. गडद रंगाचे बॉनेट भर दुपारी हाताला चटका बसेल इतके तापते. उष्णतेने पारदर्शक थर किंचित मऊ पडतो व रासायनिक क्रिया जलद होतात. ब्राझीलमधील संशोधकांनी २००० साली चतुराच्या अंड्यांविषयी एक मनोरंजक गोष्ट दाखवून दिली. चकाकणारे बॉनेट म्हणजे पाणीच, अशा समजुतीने चतुराची मादी त्यावर अंडी घालते. उन्हात तापल्यावर त्या अंड्यांतील गंधकयुक्त प्रथिनांपासून तीव्र आम्ले तयार होतात आणि ती पारदर्शक थर कुरतडतात. हंगेरीतील शास्त्रज्ञांनी २००६ साली याचे कारणही उलगडून सांगितले. तांबड्या व गडद रंगाच्या मोटारींवरून परावर्तित होणारा प्रकाश पाण्यावरून येणाऱ्या ध्रुवित प्रकाशासारखा भासतो. म्हणून पाण्यात अंडी घालणारे कीटक फसतात.

अशा रीतीने उमटलेली खूण हा डाग राहत नाही, तर तो सूक्ष्म खड्डा होतो. डाग धुता येतो. खड्डा धुता येत नाही. तो दिसेनासा करावयाचा म्हणजे भोवतालचा थर पॉलिशने घासून त्याच्या पातळीवर आणावयाचा, आणि मुळातच तुटपुंजी असलेली पुंजी खर्चून टाकावयाची. दोन-चार वेळा असे केले, की पुन्हा रंग देण्यावाचून गत्यंतर राहत नाही. हौसेने घेतलेल्या गाडीच्या धन्यास हे जड जातेच. पण ज्याचे पोट भाड्याच्या मोटारीवर चालते, त्यास तर एवढ्यापायी कित्येक दिवसांच्या मिळकतीवर पाणी सोडावे लागते.

तर मग हे टाळावे कसे? कीटक मुळीच आदळू नयेत, असा उपाय नाही. पण त्यांचे प्रमाण व परिणाम दोन्ही कमी करता येतात. पहिला उपाय वेगाचा. वेग ताशी ४० किलोमीटरवरून ८० वर नेला, तर आघाताची ऊर्जा दुप्पट न होता चौपट होते. शिवाय वेग कमी असला, तर हलके कीटक हवेच्या झोताबरोबर टपावरून निसटून जातात. दुसरा उपाय वेळेचा. पावसाळ्याच्या तोंडाशी दिवेलागणीनंतरचा प्रवास टाळता आला तर टाळावा. रात्री गाडी उघड्यावर, दिव्याच्या खांबाखाली उभी करू नये. तिसरा उपाय लेपाचा. स्वच्छ धुतलेल्या गाडीवर दर दोन-तीन महिन्यांनी मोटारीचे मेण लावावे. आम्लाचा पहिला मारा मग मेणावर बसतो आणि डाग लवकर सुटतो. पाणी टाकल्यावर त्याचे टपोरे थेंब बनले, तर मेण शाबूत आहे असे समजावे. पाणी पसरून राहिले, तर मेण सरले. सिरॅमिक लेप किंवा पारदर्शक फिल्म हे अधिक टिकाऊ पण खर्चिक मार्ग होत. ते योजले, तरी धुण्याचा आळस करून चालत नाही.

डाग काढण्याची रीत सोपी आहे. तिला बळ नको, सबुरी हवी. गाडी सावलीत उभी करून बॉनेट थंड होऊ द्यावे. नंतर पाण्याने धूळ वाहवून टाकावी. मऊ फडके कोमट पाण्यात भिजवून डागांवर पाच-दहा मिनिटे पसरून ठेवावे. फडके वाळू लागले, तर पुन्हा पाणी शिंपडावे. घट्ट झालेली प्रथिने पाणी शोषून फुगतात व आपोआप सैल होतात. मग मोटारीच्या शाम्पूच्या पाण्याने, मायक्रोफायबरच्या फडक्याने, हलक्या हाताने पुसावे. एक बादली शाम्पूच्या पाण्याची व दुसरी फडके खळबळण्याच्या साध्या पाण्याची, अशा दोन बादल्या ठेवल्यास निघालेली वाळू पुन्हा रंगावर फिरत नाही. एवढ्याने एखादा डाग राहिलाच, तर भिजविण्याची क्रिया पुन्हा करावी. शेवटी स्वच्छ पाण्याने धुऊन अंग कोरडे करावे आणि घासलेल्या जागी मेणाचा हात फिरवावा.

काय करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. काथ्या, तारेची घासणी, पाते किंवा नख यांचा वापर करू नये. पेट्रोल वा थिनर लावू नये. भांड्यांच्या साबणाने मेण निघून जाते. लिंबू किंवा व्हिनेगर लावणे म्हणजे आम्लावर आम्ल ओतणे होय. दिव्यांची आवरणे हल्ली बहुधा काचेची नसून पॉलिकार्बोनेटची असतात. तीव्र द्रावकांनी ती कायमची धुरकट होतात. समोरच्या काचेवर कोरडा वायपर फिरवू नये. त्याने डाग निघत नाही, तर पसरतो. आणि रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचा उजेड त्या चिकट पटलावर फाकला, की वळणावरचा माणूस दिसत नाही. येथे प्रश्न शोभेचा नसून जिवाचा आहे. म्हणून घाट चढण्यापूर्वी थांबून काच धुऊन घ्यावी.

इतके सांगितल्यावर या विषयाची दुसरी बाजू विद्यार्थ्यांपुढे मांडणे अवश्य आहे. डेन्मार्कमध्ये १९९७ ते २०१७ पर्यंत ठराविक रस्त्यांवर मोटार चालवून काचेवरील कीटक मोजण्यात आले, तेव्हा त्यांची संख्या एका रस्त्यावर ८० टक्क्यांनी व दुसऱ्यावर ९७ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. जर्मनीतील संरक्षित क्षेत्रांत सापळ्यांत सापडलेल्या उडत्या कीटकांचे एकूण वजन २७ वर्षांत तीन-चतुर्थांशाहून अधिक घटले, असे २०१७ साली प्रसिद्ध झाले. काच स्वच्छ राहू लागली, एवढ्यावर संतोष मानणारा मनुष्य हे विसरतो, की याच कीटकांवर पाकोळ्या व बेडूक जगतात आणि कित्येक फळझाडांना त्यांच्यावाचून फळ धरत नाही.

ब्रिटनमध्ये २००४ साली पक्षिसंरक्षण करणाऱ्या संस्थेने मोटारधारकांकडून प्रवासानंतर क्रमांकाच्या पाटीवरील कीटकांचे ठिपके मोजवून घेतले. हा उपक्रम आपणांसही करता येण्याजोगा आहे. प्रवासास निघताना पाटी पुसून घ्यावी. परतल्यावर, धुण्यापूर्वी, तीवरील ठिपके मोजावे आणि तारीख, वेळ, रस्ता व अंतर वहीत टिपून ठेवावे. मग बादली घ्यावी. अशा नोंदी चार-पाच वर्षे नेमाने ठेवल्या, तर रंगाची निगा आपोआप राहीलच. शिवाय आपल्या रानातील व शेतांतील कीटक वाढत आहेत की ओसरत आहेत, हे सांगणारा पुरावा आपल्याच हाती येईल.