संमेलनातील संभाषासत्र : योजनेविषयी काही विचार

वैद्यसंमेलन म्हटले की धन्वंतरिपूजन, सत्कार आणि ओळीने चार व्याख्याने हा क्रम ठरलेला. श्रोते ऐकतात, जेवतात व परततात. पेण व रोहा येथील वैद्य आणि फार्मसीचालक यांचे एकत्र संमेलन योजताना निदान दोन तास संभाषेसाठी राखावेत, असे आम्हांस वाटते.

ही कल्पना नवी नव्हे. चरकसंहितेच्या विमानस्थानात (अध्याय ८) अध्ययन व अध्यापन यांच्या जोडीने तद्विद्यसंभाषा हा ज्ञानोपाय सांगितला असून तिचे संधाय व विगृह्य असे दोन भेद केले आहेत. सूत्रस्थानाच्या २६ व्या अध्यायात तिचा नमुनाच आढळतो. चैत्ररथ वनात जमलेल्या ऋषींपैकी भद्रकाप्य रस एकच मानतो, शाकुन्तेय दोन, निमि सात, बडिश आठ, तर कांकायन असंख्य. सर्वांचे ऐकून झाल्यावरच पुनर्वसु आत्रेय सहा रसांचा निर्णय देतात. अध्यक्षांनी शेवटी बोलावे, एवढे तरी आपण येथून उचलावे!

विषय द्रव्यपरीक्षेचा घ्यावा. अशोकाऐवजी आसोपालवाची साल, किराततिक्ताच्या जागी कालमेघ, मिऱ्यांत पपईच्या बिया, हे प्रकार सर्वांस ठाऊक आहेत. झाड समोर असता घोटाळा होत नाही. खऱ्या अशोकाचे पान संयुक्त, आसोपालवाचे साधे व नागमोडी कडांचे. परंतु सालीची भरड पुडीत आली की पान कोठे पाहावयाचे? रक्तप्रदराच्या रुग्णेस गुण न आल्यास वैद्य निदानाविषयी साशंक होतो. दोष मात्र पुडीत असू शकतो.

एका मेजाभोवती सहा जण बसवावेत. तिघे पेणचे, तिघे रोह्याचे, त्यांत किमान दोन फार्मसीचालक. द्रव्यगुणाच्या अध्यापकांकडून आधी निश्चित करून घेतलेले नमुने, अखंड व भरड अशा दोन्ही रूपांत, केवळ क्रमांक घालून मांडावेत. पुरवठादाराचे नाव कोठेही नसावे. नाव आले की संधाय संभाषेची विगृह्य व्हावयास वेळ लागत नाही. भिंग, पांढरा कागद व पाणी एवढे साहित्य पुरे. नमुने चाखू नयेत. वत्सनाभ, भल्लातक तर मेजावरही नकोत.

पहिली पाच मिनिटे प्रत्येकाने मौन राखून आपले मत लिहावे, नंतर चर्चा करावी. अन्यथा ज्येष्ठ वैद्यांचे मत तेच मेजाचे मत ठरते. उत्तर सांगण्यापूर्वी प्रत्येक मेजाने आपली कारणे मांडावीत.

दिवस ठरविताना श्रावण टाळावा, त्या काळात पेण गणेशमूर्तींच्या लगबगीत असते. दोन्ही गावे दिवा–रोहा लोहमार्गावर असल्याने सत्राची वेळ गाडीच्या वेळेस जुळवून घ्यावी.