मुलांचा मोबाईल आणि घरातली संध्याकाळ



सहावी-सातवीच्या धर्मशिक्षण वर्गात आम्ही मुलांना मध्यंतरी सहज विचारले, इन्स्टाग्रामवर कोणाकोणाचे खाते आहे? निम्म्याहून अधिक हात वर झाले. तिथे खाते उघडायला १३ वर्षे पूर्ण असावी लागतात. म्हणून पुढचा प्रश्न केला, जन्मसाल कोणते घातले? वर्गात हशा पिकला. एक मुलगा म्हणाला, "माझं तर पप्पांनीच घातलं." पुढच्या रविवारी आम्हाला त्याच वर्गाला आठवी आज्ञा शिकवायची होती. खोटी साक्ष देऊ नये हे त्या मुलाला कोणत्या तोंडाने सांगायचे?

ऑस्ट्रेलियाने याबाबत २०२४ साली कायदा केला. १० डिसेंबर २०२५ पासून तिथे १६ वर्षांखालील मुलांना फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, टिकटॉक, यूट्यूब अशा ठिकाणी स्वतःचे खाते ठेवता येत नाही. दंड मुलांना किंवा पालकांना नाही, तर कंपन्यांना आहे, तोही ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. व्हॉट्सअ‍ॅपला त्यातून वगळले आहे. आपल्या देशातही २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. पण जिथे पप्पाच जन्मसाल बदलतात, तिथे संमतीला काय अर्थ उरतो?

कायद्यापेक्षा आम्हाला सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव जवळचे वाटते. करोनाच्या काळात शाळा मोबाईलवर आली आणि मुले मोबाईलला चिकटली ती सुटेनात. २०२२ साली या गावाने ठरवले की रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजेल, आणि मग दीड तास सगळ्या घरांतले टीव्ही व मोबाईल बंद. मुलांचेच नव्हे, मोठ्यांचेही. त्या वेळात मुलांनी अभ्यास-वाचन करायचे आणि मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचे. आपल्याकडे भोंग्याची गरजच काय? संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा होतेच. पूर्वी घंटा झाली की ओटीवरची माणसे उभी राहत, मुले खेळ सोडून घरी येत. आता घंटा होते तेव्हा घरात मालिका चालू असते आणि बाबांचा अंगठा स्क्रीनवर फिरत असतो.

आमचीही चूक आहे. धर्मशिक्षण वर्गाच्या सूचना आम्हीच व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकतो, आणि "सूचना बघायचीय" म्हणून मूल फोन मागते. यापुढे त्या सूचना रविवारी या पत्रकात छापल्या जातील.

फोन काढून घेतला तर त्या जागी काय द्यायचे, हा खरा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या दहा जीवनकौशल्यांत निर्णय घेणे, अडचण सोडवणे, दुसऱ्याची भावना ओळखणे, राग व ताण सांभाळणे अशा गोष्टी येतात. नावे मोठी, पण शिकण्याची जागा आपले घर. बारा वर्षांच्या मुलाला एकट्याने बाजारात पाठवा, भाव विचारून मासळी आणू द्या, उरलेल्या पैशांचा हिशेब द्यायला लावा. सातवीतल्या मुलीला बँकेतली स्लिप भरू द्या. चुकली तर कारकून सांगेल. मुलगा असो वा मुलगी, भात शिजवता आला पाहिजे. भावंडांचे भांडण लगेच सोडवायला धावू नका. आणि मूल "बोअर होतंय" म्हणाले तर होऊ द्या! त्यातूनच ते सायकल काढते, शेजारी जाते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. अनोळखी माणसाने फोटो मागितला, धमकी दिली, तर बहुतेक मुले घरी सांगत नाहीत. फोन जाईल ही त्यांची पहिली भीती असते. म्हणून आजच मुलाला जवळ बसवून सांगा : असे काही झाले तर तू मला सांग, मी ओरडणार नाही, तुझा फोनही घेणार नाही. आणि तो शब्द पाळा. मदतीसाठी १०९८ हा मुलांचा हेल्पलाइन क्रमांक आहे. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाल्यास १९३० वर कळवावे.

७ सप्टेंबर २०२५ रोजी संत म्हणून घोषित झालेले कार्लो अकुतिस अवघ्या पंधराव्या वर्षी वारले. संगणक त्यांचा आवडता होता. त्यावर त्यांनी पवित्र मिस्सासंबंधीच्या चमत्कारांचे संकेतस्थळ तयार केले. व्हिडिओ गेमसाठी मात्र त्यांनी स्वतःला आठवड्याला एकच तास ठरवून दिला होता, असे सांगतात. आपल्या मुलांना तो तास आधी आपण ठरवून द्यावा लागेल.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सभागृहात पालकांची बैठक आहे. घंटेनंतरचा एक तास फोन बंद ठेवायला किती घरे तयार आहेत, ते तिथे विचारणार आहोत. आईवडील दोघांनीही यावे. मुलांनाही आणा, त्यांनाही काही सांगायचे असेल.