कुंडीतील धृति

गीतेच्या १८ व्या अध्यायात, ३३ ते ३५ या श्लोकांत, भगवंतांनी धृतीचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांचा भेद गृहस्थाला घरच्या कुंडीतही पाहता येतो.

काशीत शिवपूजेसाठी गच्चीवर गोकर्णीची वेल लावावयाची आहे, असे समजा. हिच्या बियांचे कवच कठीण. म्हणून बी रात्रभर पाण्यात भिजवून आषाढात पेरावे. अंकुर निघण्यास एक-दोन आठवडे आणि फूल येण्यास पुढे दीड-दोन महिने लागतात. या अवधीतच मनुष्याची परीक्षा होते. एकजण चार दिवसांत खिन्न होऊन पाणी घालणेच सोडतो. विषादाला कवटाळणारी ती तामस धृति होय. दुसरा टिकतो, पण फलाशेने; रोज माती उकरून पाहतो आणि कोवळे मूळच दुखावतो. ती राजस. तिसरा वेळेवर पाणी घालतो, ऊन पाहतो, आधारास काठी देतो आणि उगवणे ईश्वरावर सोपवितो. सात्त्विक धृतीचा आरंभ येथे होतो.

मग फुलाची इच्छाच नको काय? तसे नव्हे. फूल देवासाठी हवे, हा उद्देश. ते आजच हवे, ही आसक्ति. उद्देश राखावा, आसक्ति सोडावी.

एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका पैठणास आरंभिली. पाच अध्यायांनंतरचा भाग काशीत लिहून ती १५७३ साली पूर्ण केली. स्थळ बदलले, नेम सुटला नाही.

नामजपाला महिना झाला, तरी मन शांत होत नाही, म्हणून माळ खाली ठेवणाऱ्याने एवढेच पाहावे : आपण पाणी घालीत आहोत, की माती उकरीत आहोत?